दोन्हीकडे पाच बोटं, निवांत

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. माझं बॉनेट नवं आहे, इंजिनाचे निम्मे भाग दुसऱ्या गाडीचे आहेत, चाकं तिसरीची आहेत आणि सीटांवरचं कापड एका पडद्यातून उरलेलं आहे. तरीही मी जुनीच, कारण थकवा मात्र सगळा माझा स्वतःचा आहे. तुम्ही बसून ऐका. मी उभीच असते, मला सवय आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे तिघी होत्या आणि मागे चौघी, सगळ्या एकाच रंगाच्या. शेवटी एका माणसाने माझी चारही दारं उघडून बंद केली, कान देऊन आवाज ऐकला आणि 'चालेल' म्हणाला. ते माझं पहिलं कौतुक. पुढे बरीच वर्षं वाट पाहिल्यावर कळलं की तेच सगळ्यांत मोठंही होतं.

मला घेतलं ते भूगोलाच्या मास्तरांनी. दुकानात ते माझ्याभोवती तीन प्रदक्षिणा घालून थांबले आणि म्हणाले, "हा नकाशातल्या समुद्राचा निळा आहे. खोल समुद्राचा नाही हं. किनाऱ्यालगतच्या, उथळ." विकणाऱ्याने कागदावर नुसतं 'निळा' लिहिलं. मास्तरांनी त्याच्याकडे नापास झालेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं.

मास्तरांची शाळा उताराच्या पायथ्याशी आणि घर माथ्यावर. सकाळी मी वाऱ्यासारखी खाली जायची. संध्याकाळी वर येताना पाण्याच्या टाकीपाशी माझा दम संपायचा. मग मास्तर म्हणायचे, "चला, उतरा." त्यांची बायको डावीकडून आणि लेक उजवीकडून मला ढकलायची. मास्तर स्वतः स्टिअरिंग सोडत नसत. "कोणीतरी दिशा दाखवायला हवी ना," असं त्यांचं म्हणणं. रस्ता एकच होता आणि तो सरळ होता.

असं चौदा वर्षं चाललं. लेकीचे हात आधी माझ्या नंबरप्लेटपर्यंत पोचायचे, मग डिकीच्या कडीपर्यंत, मग काचेपर्यंत. मला तिची उंची तिच्या आईपेक्षा जास्त पाठ आहे. पुढे ती आई आजारी पडली आणि गेली. डावीकडून ढकलायला कोणी उरलं नाही. मास्तर मला चढाच्या पायथ्याशीच लावून पायी घरी जाऊ लागले. उन्हाने माझा रंग उडाला, त्यावर धूळ बसली, आणि उथळ समुद्राचं हळूहळू वाळवंट झालं.

मग लेकीचं लग्न झालं. जावई लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर तो उंच इमारतींच्या पोटात उभा राहून दार आणि डबा यांच्यातलं अंतर मोजतो. केसभर फरक पडला तरी त्याला झोप लागत नाही. मास्तरांनी त्याच्या हातात माझी किल्ली ठेवली आणि म्हणाले, "जावईबापू, मला बाकी काही नको. हिला तेवढं चढावर ढकलावं लागू नये, असं काही करता येईल का बघा."

लोक असं काहीबाही बोलतात. समोरचा मान डोलावतो आणि विषय संपतो. पण जावई म्हणाला, "एका महिन्यात करतो, बाबा."

मित्रांनो, त्या महिन्याला सहा वर्षं लागली.

मला त्याच्या घराच्या गॅरेजमध्ये आणलं. गॅरेजचं एक दार अंगणात उघडतं आणि दुसरं, माणसापुरतं, स्वयंपाकघरात. पहिल्याच दिवशी जावयाने अंगणाकडचं दार मोजलं, मला मोजलं, आणि माझ्या तोंडासमोरच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं: 'दार वजा गाडी: दोन्हीकडे पाच बोटं. निवांत.' कामावर तो मिलिमीटरमध्ये लिहितो. घरी बोटांत, कारण घरी त्याला सुट्टी असते. ते अक्षर मी सहा वर्षं रोज वाचत होते. दुसरं वाचायला काही नव्हतं.

जावयाचं म्हणणं, मला टर्बो बसवायला हवा. टर्बो म्हणजे काय ते मीच सांगते, कारण शेजारच्या काकांनी सांगितलं तर चुकीचं कळेल. इंजिनातून जो धूर बाहेर फेकला जातो, त्याच्या झोतावर एक छोटी चक्री गरगर फिरते. ती चक्री बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. जास्त हवा, जास्त जोर. म्हणजे आपण थकून टाकलेला सुस्काराच आपल्याला पुन्हा कामाला जुंपतो. इतक्या हुशारीने केलेला अन्याय मी दुसरा पाहिलेला नाही.

तो टर्बो एका मोडीत काढलेल्या मोठ्या गाडीतून आला. तो बसला, पण इंजिन तापू लागलं. म्हणून मोठा रेडिएटर आला. तो मावेना म्हणून माझी पुढची पट्टी कापली. जोर वाढणार म्हणून ब्रेक मोठे आले. ब्रेक मोठे म्हणून चाकं मोठी आली. चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावू लागली, तेव्हा जावयाने पत्रा कापून, वाकवून, जोडून चारही मडगार्ड रुंद केले. दर वेळी तो दोन पावलं मागे जाऊन म्हणायचा, "आता झालंच." दर वेळी लेक स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची, "काय झालं?" आणि याचं उत्तर द्यायला त्याला आणखी चार महिने लागायचे.

शेजारचे काका आयुष्यभर टपालखात्यात पत्रं लावून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे गाडी नव्हती, मतं होती. रोज सकाळी कंपाउंडवर कोपर टेकून ते म्हणायचे, "लिफ्टवाले, मी तुम्हांला सांगतो..." आणि खरंच सांगायचे. एकदा त्यांनी टर्बो छतावर बसवायला सांगितला, तिथे वारा चांगला लागतो म्हणून.

मग रंगाची पाळी आली. जुना रंग खरवडायला जावयाने तीन रविवार घेतले. घासकागदाने त्याने मला अशी सोलली की चौथ्या रविवारी मी नुसती पत्र्याची उभी होते. त्याने हात झटकले, घाम पुसला आणि लेकीला विचारलं, "अगं, हिचा मूळ रंग कुठला होता?"

लेकीने माझ्या उघड्या पत्र्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हे खरवडायच्या आधी विचारायचं असतं, अहो."

"मला वाटलं, राखाडी."

"ती धूळ होती."

लेक म्हणाली हिरवट निळा. फोनवर मास्तर म्हणाले उथळ समुद्र. काका म्हणाले, "मी तुम्हांला सांगतो, लाल करा, लाल गाडी जोरात जाते." रंगाच्या दुकानदाराने निळ्याचे एकशेदहा चौकोन असलेली पट्टी पुढे केली, आणि जावई तिच्याकडे बघत इतका वेळ उभा राहिला की दुकानदाराने त्याला स्टूल दिलं. तो हात हलवत परत आला. काम थांबलं. थांबलं ते थांबलंच.

थांबलेल्या गाडीचं काय होतं ठाऊक आहे का? तिचं कपाट होतं. माझ्या टपावर गादी आली. मागच्या सीटवर फाटलेल्या छत्र्या आल्या. लेक घरी शिवणकाम करते. तिचा कपडे बेतायचा पुतळा ठेवायला घरात जागा नव्हती, म्हणून तो माझ्या ड्रायव्हरच्या सीटवर आला. त्याला मुंडकं नाही, हात नाहीत, नुसतं धड. धूळ बसू नये म्हणून लेकीने त्याला जावयाचा जुना शर्ट घातला. काका रोज सकाळी त्याला 'नमस्कार' म्हणत. कोणीतरी माझ्यावर काम करतंय अशी समजूत होऊन माझंही मन थोडं रमायचं. खरं सांगायचं तर त्या वर्षात माझ्यासोबत सगळ्यांत जास्त वेळ तोच बसला.

मग एका दुपारी मास्तर आले. पूर्वी ते दाणदाण पावलं टाकत यायचे. आता भिंतीला हात लावत आले. लेक चहा करायला आत गेली. मास्तर माझ्या खिडकीशी येऊन वाकले आणि म्हणाले, "जावईबापू, आज सुट्टी का?"

पुतळा काही बोलला नाही.

"असू द्या, कामात आहात. मीच बोलतो." त्यांनी माझ्या दारावर हात ठेवला. पत्रा गार होता. "परवा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. कडेची नजर सगळी गेली म्हणाल्या. मधे एक भोक उरलंय, गुंडीएवढं. त्यातून दिसतं तेवढं दिसतं. तेही बुजत चाललंय. वर्ष पुरेल असं धरू नका म्हणाल्या."

पुतळा ऐकत राहिला. मास्तरांना त्या भोकातून शर्टाची गुंडी दिसत होती, आणि गुंडीमागे जावई असणार असं त्यांनी धरलं होतं.

"लेकीला बोललो नाहीये. तिचं सगळं काम डोळ्यांवरचं, उगाच धास्ती घेईल. तुम्हांला म्हणून सांगतो. गाडीची घाई नाही. चढबिढ राहू द्या. फक्त रंग लावाल तेव्हा मला बोलवा. तो निळा एकदा दिसला की झालं."

पुतळ्याने ते पोटात ठेवलं. त्याच्याकडे पोटच तेवढं होतं.

पण लेक चहाचे दोन कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळ उभी होती ते मला दिसत होतं, कारण आधी कपांतून वाफ येत होती आणि नंतर येत नव्हती. ती पुढे आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाबा, चहा." मास्तर म्हणाले, "जावईबापूंना आधी दे." तिने एक कप माझ्या डॅशबोर्डवर, पुतळ्यासमोर ठेवला.

जावई कामावरून आला तेव्हा ती म्हणाली, "अहो, बाबा आज तुमच्याशी पाव तास बोलले."

"मी तर कामावर होतो."

"माहितीये मला."

मग तिने सगळं सांगितलं. जावई माझ्या बंपरवर बसला आणि बराच वेळ हातातल्या पान्याकडे बघत राहिला. "सहा वर्षं झाली," एवढंच म्हणाला.

"रडायचं नंतर. आधी रंग शोधा."

आता मला बोलता येत असतं तर, मित्रांनो, हे प्रकरण तिथेच संपलं असतं. माझ्या अंगावर मूळ रंगाचा एक वीतभर तुकडा शाबूत होता. मागच्या सीटखाली, जिथे ऊन पोचत नाही, धूळ पोचत नाही आणि जावयाचा घासकागदही पोचला नव्हता. पण मला फक्त हॉर्न होता आणि तोही खोक्यात भरून माळ्यावर होता.

दोन दिवसांनी लेकीने नव्या खोळी शिवण्यासाठी मागची सीट उचलली. खाली बघितलं आणि तिथेच बसली. जावई सवयीने घासकागद घेऊन पुढे आला. ती म्हणाली, "तो हात तिथेच थांबवा."

तुकडा कापून दुकानात न्यायचा तर मला भोक पडणार. मग तिने आपला दोऱ्यांचा डबा आणला. त्यात निळ्या दोऱ्याची बावीस रिळं होती. एकेक रीळ त्या तुकड्यावर धरून, उन्हात बघून, सावलीत बघून, तिने एकवीस बाजूला काढली. उरलेलं एक घेऊन ती रंगाच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "हा." दुकानदाराने पट्टी पुढे केली. तिने पट्टी मागे सारली आणि रीळ पुन्हा पुढे केलं. शिवणकामात गिऱ्हाईकं तिला असंच छळतात, त्यामुळे तिला ते छान जमतं. चौथ्या खेपेला रंग जुळला.

रंग घरीच मारायचा होता. गॅरेजमध्ये जुन्या चादरी टांगल्या, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलं, आणि जावई नाकातोंडाला फडकं बांधून रंगाचा फवारा घेऊन उभा राहिला. पहिला हात संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत झाला. घासला, पुन्हा मारला. दुसऱ्या वेळी काका चादर बाजूला करून म्हणाले, "मी तुम्हांला सांगतो," आणि शिंकले. तेवढा भाग पुन्हा घासला. तिसऱ्या वेळी आत एक माशी होती. ती आजही आहे, माझ्या उजव्या मागच्या दारावर, रंगाच्या दोन थरांमध्ये. जावई म्हणाला, काढतो. लेक म्हणाली, "राहू द्या. आता माशीपुरताही वेळ नाही."

मी वाळले. चादरी निघाल्या. मी स्वतःकडे बघितलं आणि बऱ्याच वर्षांनी मला वाटलं, अरे, ही तर मी.

रविवारी मास्तरांना बोलावलं. बेत असा की मला अंगणात काढायची, मास्तरांनी उन्हात रंग बघायचा, मग त्यांना पुढे बसवून तो चढ एका दमात चढायचा, टाकीपाशी न थांबता. मास्तर अंगणात खुर्चीवर बसले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पुतळ्याला सहा महिन्यांत पहिल्यांदा सीटवरून उठवून कोपऱ्यात उभं केलं. जावई आत बसला. चावी फिरवली आणि टर्बोने बारीक शीळ घातली.

"एकदा मोजून बघायचं का?" लेक म्हणाली.

"मोजलंय की." जावयाने समोरच्या भिंतीकडे बोट केलं. "लिहून ठेवलंय."

"लिफ्टवाले," काका कंपाउंडवरून म्हणाले, "मी तुम्हांला सांगतो, एकदा मोजाच."

सहा वर्षांतला त्यांचा हा पहिला बरोबर सल्ला. त्यामुळे तो कोणी ऐकला नाही.

मी मागे सरकले. डिकी बाहेर गेली. ऊन लागलं. मग दोन्हीकडून एकदम असा आवाज आला की काकांनी कान झाकले. भिंतीवरची पाच बोटं जुन्या मडगार्डांची होती. नवे मडगार्ड दोन्हीकडे सहा-सहा बोटं जास्त रुंद होते. हे केसभर अंतरासाठी झोप न लागणाऱ्या माणसाने केलं होतं. मी दारात अडकले, बुचासारखी. फक्त हातभर डिकी बाहेर, बाकी सगळी आत, आणि दोन्ही बाजूंना ताज्या निळ्यावर लांबच लांब ओरखडे.

जावयाने इंजिन बंद केलं. एवढ्या मेहनतीनंतर शांतता तेवढी चोख झाली होती.

"आली का बाहेर?" मास्तरांनी विचारलं.

"थोडीशी," लेक म्हणाली.

मास्तर उठले. लेकीने हात धरून त्यांना माझ्या डिकीशी आणलं. ते वाकले. डोळ्यांतल्या त्या गुंडीएवढ्या भोकातून त्यांनी मला डावीकडून उजवीकडे, मग एक ओळ खाली, पुन्हा डावीकडून उजवीकडे असं बघितलं, जसा एखादा नकाशा वाचावा. माझी हातभरच पाठ उन्हात होती. त्यांना तेवढी पुरली. ओरखडे त्यांना दिसलेच नाहीत.

"किनाऱ्यालगतचा," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "उथळ."

लेकीने मान दुसरीकडे वळवली.

"आता बसू का हिच्यात?"

"बाबा, ती जरा... दारात आहे."

"असू दे. मी थोडाच उडी मारून चढणार आहे?"

मग त्यांना घरातून, स्वयंपाकघरातून फिरवून गॅरेजमध्ये आणलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. जावई स्टिअरिंगशी बसला. मला पुढे, परत आत घेणं एवढाच मार्ग उरला होता. त्याने इंजिन चालू केलं, जोर दिला. शीळ वाजली, चाकं जागच्या जागी फिरली, रबराचा वास आला. जेवढा टर्बो तेवढी मी दारात घट्ट.

लेक अंगणात माझ्या मागे उभी होती. तिने बाह्या सरसावल्या आणि उजव्या बाजूला दोन्ही तळवे टेकवले. तिची उंची आता काचेच्या वर गेलेली. काका डावीकडे आले. ती म्हणाली, "काका, डावीकडे नको. तिथे आई असते. तुम्ही मधे या."

काका काही न सांगता मधे आले.

त्यांनी ढकललं. मी कण्हले, सुटले आणि दीड हात पुढे गेले. बस्स. मित्रांनो, सहा वर्षं, एक टर्बो, चार मडगार्ड आणि एका माशीचा बळी देऊन मी दीड हात गेले, आणि तेही ढकलल्यावर.

जावयाने इंजिन बंद केलं. तो मास्तरांकडे बघू शकत नव्हता.

"म्हणजे अजून ढकलावीच लागते तर," मास्तर म्हणाले.

"हो, बाबा."

मास्तर समोर बघत होते. भिंतीवर त्यांची नजर एकेक अक्षर करत सरकत होती. ते मोठ्याने वाचू लागले, वर्गात वाचावं तसं. "दार... वजा... गाडी. दोन्हीकडे... पाच बोटं." ते थांबले. "पुढे काय आहे? नि... वांत. निवांत." मग विचारलं, "हे कोणी मोजलं?"

"मी," जावई म्हणाला.

मास्तर हसले. आधी नुसते खांदे हलले, मग मी पण हलायला लागले, मग जावईही हसायला लागला आणि हसता हसता त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मास्तरांनी चाचपडत त्याच्या पाठीवर हात ठेवला. या वेळी तिथे पुतळा नव्हता.

त्यालाही आता दोन वर्षं होतील. डॉक्टरीणबाईंचा अंदाज खरा ठरला, ते भोक बुजलं. दार रुंद करायचं पुढच्या महिन्यात ठरलंय, आणि त्या महिन्याची मला आता घाई नाही. दर रविवारी मास्तर येतात. जावई अंगणाकडचं दार सताड उघडतो, मला सुरू करतो, शीळ वाजते, आणि मास्तर विचारतात, "टाकी आली का?" जावई म्हणतो, "मागे पडली." दोघांनाही माहीत आहे की आम्ही कुठेच गेलेलो नाही.

जावयाने मध्यंतरी ओरखडे बुजवायला रंग काढला होता. लेकीने डबा परत फळीवर ठेवला. कारण मास्तर आत येतात तेव्हा आधी माझा मडगार्ड चाचपडतात, त्यांचं बोट ओरखड्याला लागतं, आणि त्या रेषेवरून सरकत सरकत ते बरोबर मागच्या दाराच्या कडीपाशी पोचतात. कडीखाली माशी लागली की थांबतात. त्यांचा नकाशा आता एवढाच आहे.

तर मित्रांनो, मला एवढंच सांगायचं आहे. कोणासाठी जुनी वस्तू नवी करायला घ्याल, तर दार पुन्हा एकदा मोजा, लिहून ठेवलेलं असलं तरी. आणि ज्याच्यासाठी करताय त्याच्याकडे किती दिवस आहेत तेही विचारा. पुतळ्याला नको, त्यालाच विचारा. एवढं केलंत की पुरे. आता जाताना स्वयंपाकघराकडचं दार ओढून घ्या. उद्या रविवार आहे, मला जरा पडायचं आहे, म्हणजे उभंच.